दांडावरची हाक

"मक्या, पत्रा खाली घे! अरे खाली घे, उडशील!"

मी पुढून ओरडतेय, मागून मक्या ओरडतोय, आणि आमच्या दोघांच्या डोक्यावर तो लांबलचक पत्रा असा काही फडफडतोय, की त्याला जसं काही उडून कोकणात जायचंय आणि जाताना आम्हालाही न्यायचंय. डाव्या हाताला डोंगर. उजव्या हाताला काही नाही. म्हणजे खरंच काही नाही, नुसता कडा आणि खाली ढग.

"बसा!" नाना वरच्या वळणावरून गरजले. "आहे तिथं बसा! वाऱ्याशी भांडू नका, त्याला साईड द्या!"

आम्ही दोघांनी तिथंच फतकल मारली. पत्रा मांडीवर घेतला, वर दगड ठेवला, आणि एकमेकांकडे बघून खो-खो हसत सुटलो. हसत होतो, पण कड्याकडे बघायचं मी टाळत होते हे मी मक्याला सांगितलं नाही. आणि तोही टाळत होता ते त्यानं मला सांगितलं नाही.

तेवढ्यात मागून ठकूमावशी आली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाण्याचा कॅन, आणि चाल अशी की जशी अंगणातून ओसरीवर चाललीय.

"काय गं, वरातीला बसल्यावानी बसलाय," ती म्हणाली. "नवरदेव कुटंय? ह्यो का?"

"शी! मावशी, हा?"

"मग वाईट काय त्यो? वजनानं हलका हाय जरा. वाऱ्यानं उडला तर दुसरा बघ."

मक्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मी तेव्हा एस.वाय.ला होते. अंगात नुसती रग. शनिवार उजाडला की आम्ही नानांच्या मागे. नाना खैरनार म्हणजे एसटीचे रिटायर ड्रायव्हर. जन्मभर घाटातून गाड्या चढवल्या-उतरवल्या. रिटायर झाल्यावर लोक गुडघे धरून बसतात, ह्या माणसानं डोंगर धरला. त्यांच्या डोक्यात एकच होतं. भैरोबाच्या दांडावरून, म्हणजे डोंगराच्या धारेवरून, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुणालाही चालता येईल अशी एक पायवाट करायची. दगडांवर पिवळे पट्टे मारायचे, घसरणीच्या जागी पायऱ्या रचायच्या, खालच्या वाड्यांतून वर येणाऱ्या आडवाटा तिला आणून जोडायच्या. आणि दिवसभर चाललेल्या माणसाला संध्याकाळी पाठ टेकायला एक निवारा. मग पुढच्या दिवसाच्या चालीवर दुसरा. मग तिसरा.

"एसटीचं काय असतं," ते म्हणायचे, "थांबा आहे म्हणून माणूस घराबाहेर पडतं. थांबाच नसेल तर कोण पडेल? डोंगराला थांबे नाहीत, पोरी. म्हणून लोक येत नाहीत. आणि येतात ते मरतात."

सकाळी वाडीतून निघताना ते पत्र्याच्या डब्यावर काठी दोनदा आपटायचे. टण टण. "डबल बेल! चला!" मग कुणाची चप्पल राहो, कुणाचा चहा राहो, गाडी सुटली म्हणजे सुटली. मक्याची एकदा आंघोळच राहिली होती. आम्हाला त्याची इतकी गंमत वाटायची! आम्ही कॉलेजात पण लेक्चर संपलं की बाकावर दोनदा वाजवायचो.

तर हा पहिला निवारा. पावसाळ्याआधी भिंती उभ्या राहिल्या होत्या, वरचेच दगड, वरचीच माती, सिमेंट तेवढं खालून. छप्पर राहिलं होतं. गणपती झाले, नवरात्र तोंडावर आलं, पाऊस सरला पण धुकं काही दांडावरून उठायला तयार नव्हतं. सगळीकडे सोनकी फुललेली, पिवळीजर्द, आणि त्यावरून धुकं असं वाहत यायचं की दोन हातांवरचा माणूस दिसेनासा व्हायचा. त्या आठवड्यात आम्ही पत्रे चढवत होतो.

ठकूमावशी खालच्या उंबरविहीर वाडीची. कामाला यायची म्हणजे काय, जवळजवळ सगळं तीच करायची. आणि तिच्याबद्दल आमची सगळ्यांची खात्री होती की बाई बहिरी आहे. पूर्ण नाही, पण अर्धी तरी. म्हणजे सकाळी धुक्यात ती करवीच्या जाळीत काटक्या तोडत असायची, मी हाक मारायचे, "मावशीऽ, चहा!" काही नाही. पुन्हा, "मावशीऽऽ!" काही नाही. मग वैतागून जोरात ओरडलं की आरामात, "ओऽ! आले की, वरडती कशाला?"

"मावशीचं नेटवर्क वीक आहे," मक्या म्हणायचा. "दोनदा रिंग जाते, तिसऱ्यांदा लागतो."

नाना तर तिला लांबून कधी हाकच मारायचे नाहीत. उठून तिच्यापर्यंत चालत जायचे आणि समोर उभं राहून मोठ्यानं बोलायचे, "ठकूबाई! पाणी! आणायचं! का?" आणि ती कपाळाला हात लावायची. "नाना, मी इतं हाय, गावात न्हाई."

आता एक गोष्ट आम्हाला सगळ्यांना माहीत होती, पण त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. ठकूमावशीचा नवरा, सोमा, ह्याच दांडावरून गेला होता. नानांबरोबर असताना. त्या पायवाटेचे पहिले पट्टे त्या दोघांनी मारले होते. मक्याही तेव्हा शाळेत होता म्हणजे बघा. प्रेत सापडलं नाही. करवीत अडकलेलं त्याचं इरलं तेवढं मिळालं, पावसात डोक्यावर घेतात ना ते पानांचं, तेवढंच. वाडीनं दिवस घातले, सगळं केलं. ठकूमावशीनं बांगड्या उतरवल्या नाहीत. हिरव्या, हातभर. कुणी काही म्हटलं की म्हणायची, "मी बगितलं का त्याला मेलेलं? तुमी बगितलं का?"

आणि तरी ती नानांबरोबर कामाला यायची. मला ते कधी कळलंच नाही. एकदा मी विचारलं पण. म्हणाली, "नानांनी लई हाका मारल्या त्याला. घसा फुटस्तवर. त्यांचा काय दोस?"

जागेवरून मक्याचं आणि नानांचं कायम वाजायचं. मक्या सिव्हिलचा, त्याला पाण्याच्या टाक्याजवळची सपाटी हवी होती. वारा अडलेला, पाणी हाताशी. आणि नाना म्हणाले खिंडीच्या तोंडावर. जिथं वारा असा लागतो की काडी पेटत नाही. त्या दिवशी पत्रे वर पोचवून आम्ही भिंतीच्या आडोशाला बसलो होतो, ठकूमावशी शेवटचा पत्रा आणायला पुन्हा खालच्या वळणाकडे गेली होती, आणि मक्यानं परत काढलंच.

"नाना, अजूनही सांगतो. हे छप्पर दोन पावसाळ्यात उडणार. टाक्यापाशी असतं तर..."

"इथंच."

"पण का? एक कारण द्या ना मला. एक!"

नाना बिडी पेटवायचा प्रयत्न करत होते. विझली. परत पेटवली. विझली. मग त्यांनी ती तशीच कानावर ठेवली.

"इथून मी त्याला हाक मारली होती," ते म्हणाले.

मक्यानं माझ्याकडे बघितलं.

"श्रावण होता. मीच म्हटलं, पावसात वर जाऊ, ओढे वाट कुठं कापतात ते बघू आणि तिथंच दगड रचून खुणा करू. तो नको म्हणत होता. आम्ही कायम उन्हाळ्यात चढायचो, नाहीतर थंडीत. मीच हट्ट धरला. इथपर्यंत आलो, तो मागं राहिला, चपलेचा अंगठा तुटला म्हणून. मी म्हटलं, ये मागनं. आणि धुकं उतरलं. असं उतरलं की माझाच हात मला दिसेना. पाऊस कोसळत होता. थांबायला काही नाही, अंगावर घ्यायला काही नाही. हे असं चार भिंतींचं काहीतरी असतं ना, तर मी थांबलो असतो. रात्रभर थांबलो असतो." त्यांनी भिंतीवर थाप मारली. "म्हणून इथं."

"आणि हाकेला...?" मी विचारलं.

"ओ आली नाही. तेव्हाच कळलं मला, सोमा गेला. पाय निसटला असणार आणि गेला, क्षणात. बरं झालं म्हणजे, त्याला काही कळलं नसेल." हे ते अशा आवाजात म्हणाले की मला वाटलं, हे वाक्य ह्या माणसानं रोज म्हटलंय, रोज झोपताना. "जिवंत असता तर ओ दिली असती. माझी हाक तो कधी चुकवायचा नाही."

मक्यानं पुन्हा कधी जागेचा विषय काढला नाही.

आणि आम्ही असे बसलोय, आणि माझ्या लक्षात आलं की समोरची सोनकी दिसत नाहीये. मग भिंतीचा पलीकडचा कोपरा दिसेना. मग मक्याचे बूट.

"ठकूबाई कुठाय?" नाना उठून उभे राहिले.

"खालीच आहे. आढ्याचा पत्रा आणतेय ना," मक्या म्हणाला.

"एकटी?"

हो, एकटी. आढ्याचा पत्रा लहान असतो, मधे वाकवलेला, तीच म्हणाली होती, "तुमी बसा, ह्ये मी आनते." आणि आम्ही बसलो होतो. वारा खिंडीतून असा घोंगावत होता, आणि मला सकाळचा पत्रा आठवला, डोक्यावर फडफडणारा, आणि उजव्या हाताला काही नसलेलं.

नाना खिंडीच्या तोंडाशी गेले. दोन्ही हात तोंडाभोवती धरले.

"ठकूबाईऽऽऽ!"

धुक्यात हाक कशी जाते माहितीये? जातच नाही. कापसात दाबल्यासारखी होते. आम्ही कान दिले. वारा. नुसता वारा.

"ठकूबाईऽऽऽऽ!"

काही नाही.

आणि मग नाना थांबले. मला वाटलं आता पुन्हा मारतील, श्वास घेतायत. पण नाही. हात तसेच तोंडाशी, आणि खाली येतायत. हळूहळू. मी त्यांच्या बाजूला होते, मला त्यांचा चेहरा दिसला, आणि सांगते तुम्हाला, तसा चेहरा मी त्यानंतर कुणाचा बघितला नाही. राखेसारखा.

"गेली," ते म्हणाले.

"नाना, काय बोलताय?"

"गेली ती पण. ह्याच जागी." आणि ते चालायलाच लागले, वाटेनं नाही, सरळ, कड्याच्या बाजूला. मक्यानं मागून त्यांच्या कमरेला मिठी घातली. "नाना! नाना, तिकडे वाट नाहीये! मैथू, काहीतरी कर!"

काय करणार मी? मला काही सुचेना. मी फक्त रोज सकाळी जे करायचे तेच केलं. डोळे मिटले आणि जीव खाऊन, वैतागून, रडत, ओरडले,

"मावशीऽऽऽऽ!"

"ओऽऽऽ!"

इतक्या जवळून! म्हणजे, अक्षरशः खालच्याच वळणावरून. "आले, आले! हितंच हाय!"

आणि थोड्या वेळानं धुक्यातून आधी पत्र्याची धार आली, मग चुंबळ, मग हिरव्या बांगड्या, मग आख्खी मावशी. हसत.

"अगं बाई, रडती काय? वारं सुटलं म्हून दगडाच्या आडुशाला बसले व्हते. पत्रा पालथा घेतला डोक्यावर. झ्याक घर झालं माझं." तिनं पत्रा भिंतीला टेकवला. "ह्ये काय? नानांना धरून का उबा ऱ्हायलास रं?"

मक्यानं हात सोडले. नाना तिथंच खाली बसले. मी मावशीच्या गळ्यातच पडले, आणि मग मला असा राग आला ना!

"तुम्हाला ऐकू येत नाही का हो? नाना किती ओरडले! इथल्या इथे होतात तुम्ही!"

"आलं की ऐकू. कान काय फुटलेत का माजे?"

"मग ओ का नाही दिलीत?"

"दोनदाच तर हाक आली." ती इतकं सहज म्हणाली. "धुक्यात न्हाईतर तिनीसांजंला पयल्या हाकेला वो देऊ न्हाई गं पोरी. दुसरीला बी न्हाई. चकवा असतो. त्यो आपल्या मान्साच्या आवाजात हाक मारतो. तू वो दिली की गेलीस त्याच्या मागं, कड्यावरनं खाली. पन त्याला दोनदाच हाक मारता येती. तिसरी हाक मान्साची. म्हून तिसरीला वो द्यायची."

मक्या हसायला लागला. खरंच, सुटल्यासारखा हसला. "म्हणजे मावशी, सकाळी चहाला पण हेच? आणि आम्ही तुम्हाला बहिरी समजत होतो!"

"आन् मी म्हने, ही शेरातली मानसं सारखी येवडी वरडत्यात का!"

आम्ही दोघं हसतोय, तीही हसतेय पदर तोंडाला लावून. नाना हसत नव्हते.

"हे सगळेच करतात?" त्यांनी विचारलं. आवाज असा की मला वाटलं थंडी वाजतेय त्यांना. "तुमच्या वाडीत. सगळे?"

"जुनी मानसं. आताची पोरं कुटं काय पाळत्यात."

"सोमा?"

"त्यानंच तर शिकिवलं मला!" तिचा चेहरा असा खुलला, जसा नवऱ्याबद्दल बोलताना पोरींचा खुलतो ना, तसा. "माज्या म्हायेरी न्हवतं असलं काई. आमी सपाटीवरची मानसं. लगीन करून आले तवा पयल्याच पावसात त्यानं मला करवीत हाक मारली, मी लगीच वो दिली, तर असा रागावला! म्हनाला, यडी हायस का, मी असलो तर तिसरी मारीनच की. तिसरी मारत न्हाई त्यो आपला न्हाई..."

आणि ती बोलता बोलता थांबली.

मला अजून काही कळलं नव्हतं. खरं सांगते. मी मूर्खासारखी तिच्या पदराला डोळे पुसत होते. मी मक्याकडे बघितलं तर त्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, पण मागचं काढून घेतल्यासारखं. तो नानांकडे बघत होता. मग मलाही कळलं. नाना मघाशीही दोन हाकांवरच थांबले होते.

मावशी नानांसमोर उकिडवी बसली. रोज नाना तिच्याशी जसे समोर येऊन बोलायचे, तशी. फक्त हळू आवाजात.

"नाना, तुमी त्याला लई हाका मारल्या व्हत्या."

नाना खाली मातीकडे बघत राहिले.

"वाडीत येऊन सांगितलं तुमी. घसा बसला व्हता तुमचा, मी बगितलं. लई हाका मारल्या ना?"

खोटं बोलता आलं असतं. मला वाटत होतं, बोला ना, नाना. मारल्या म्हणा. वीस मारल्या म्हणा. कोण होतं तिथं? कुणाला कळणार होतं? तिला हवं होतं ते, तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

"घसा डोंगर उतरताना बसला," नाना म्हणाले. "रडून. इथून... इथून दोनदाच मारली."

वारा पण पडला होता तेव्हा. किंवा मला तसं आठवतंय.

"दोनदा मारली, ओ आली नाही. मी म्हटलं, गेला. नाहीतर आडवाटेनं उतरला पुढं. काय म्हटलं मला आता सांगता येत नाही, ठकूबाई. पाऊस होता. मी घाबरलो होतो. माझे पाय आपोआप निघाले, दोन वेळा वाजलं की निघायचं, एवढंच त्यांना माहीत. जन्मभर तेच..." त्यांनी खिंडीकडे बघितलं. "तो तिथं होता का? ठकूबाई, तो बसून ऐकत होता का?"

ती धुक्याकडे बघत होती, जिथून ती आत्ता आली होती त्या वळणाकडे. तो दगड तिला माहीत होता ना, ज्याच्या आडोशाला बसलं की वारा लागत नाही. सोमालाही माहीत असणार.

मक्या मधेच म्हणाला, "मावशी, तसं असेलच असं काही नाही," आणि त्यालाच ते ऐकवेना, तो भिंतीच्या मागे निघून गेला.

मग ती उठली. लुगडं झाडलं. मला वाटलं आता ही खाली जाणार आणि पुन्हा कधी येणार नाही.

"मारा," ती म्हणाली.

नानांनी वर बघितलं.

"ती ऱ्हायलीया ना. मारा आता."

नानांनी उठायला हात पुढं केला. मी हात दिला. ते खिंडीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले, तोंडाभोवती हात धरले, आणि पहिल्यांदा नुसती हवाच आली. मग आली हाक. ड्रायव्हर माणूस, छातीतून आवाज, पण तो आवाज त्यांचा नव्हता, कुणा तरुण माणसाचा होता.

"सोमाऽऽऽऽऽऽ!"

एकदाच.

आणि मावशी ऐकत राहिली. मान थोडी वाकडी करून, एक हात कानामागे, हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत घसरलेल्या. माणूस खरंच येणार असेल तर जेवढा वेळ थांबतो तेवढा वेळ ती थांबली. मीही थांबले. तुम्ही म्हणाल वेडी आहेस, पण मी शपथेवर सांगते, मी कान देऊन ऐकत होते. धुकं खिंडीतून वाहत होतं. खाली कुठंतरी ओढा वाजत होता.

तिनं हात खाली घेतला.

"गेला मग," ती म्हणाली.

बस, एवढंच. रडली नाही. पत्र्यावरचा चिखल पदरानं पुसला, चुंबळ सोडून कापड पिळलं, आणि मक्याला हाक मारून म्हणाली, "ये रं पोरा, दगुड दे हिकडं. पत्रं झाकून ठेवू. रातच्याला वारं सुटंल."

दुसऱ्या दिवशी आम्ही छप्पर चढवलं. मावशी आली. मला वाटलं नव्हतं, पण आली. हातात बांगड्या नव्हत्या. आढ्याचा पत्रा तिनं खालून दिला, नानांनी वरून घेतला, आणि ठोकला. दोघं एकमेकांशी बोलले ते एवढंच, "धरा," "धरलं," "सोडा." काम संपल्यावर वाडीकडे उतरायचं होतं. आम्ही सवयीनं नानांकडे बघितलं. डबा तिथंच होता, काठी त्यांच्या हातात होती. त्यांनी ती भिंतीला टेकवून ठेवली आणि दारात बसून राहिले. सगळे पुढं गेले, मक्याची बाटली राहिली होती ती घेऊन तो आला, मी चपलेचा पट्टा नीट केला, मग ते उठले. त्यानंतर कायम सगळ्यांच्या शेवटी. डबल बेल आम्ही त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकली नाही, आणि कॉलेजात बाकावर वाजवायचंही आमचं आपोआप बंद झालं.

दुसरा निवारा झाला, तिसऱ्याचं काम अजून चाललंय, तुम्ही बघितलंय ते. नाना आता नाहीत. मक्या दुबईत. पण मला सांगायचंय ते हे नाही.

त्याच हिवाळ्यात, पौषात असेल, मी एकटीच वर गेले होते. सकाळचं धुकं. निवाऱ्याचं दार उघडं, आत चूल पेटलेली, भांडी घासून ठेवलेली, पण निवारा सांभाळणारी मावशी दिसेना. म्हटलं करवीत असेल. मी दारात उभी राहिले. आता मला रीत माहीत होती ना, मी तीनदा ओरडायची तयारीच केली होती, छाती भरून श्वास घेतला.

"मावशीऽऽ!"

"ओऽऽ!"

लगेच. माझी हाक संपायच्या आत.

ती मोळी घेऊन वर आली तेव्हा मी तिच्याकडे बघतच राहिले. म्हटलं, "मावशी, पहिल्याच हाकेला?"

ती मोळी उतरवत होती.

"आणि चकवा असता तर?"

तिनं मोळीची दोरी सोडली. एक एक काटकी काढून चुलीशी लावायला लागली.

"आसू दे," ती म्हणाली. "कुनी बी आसू दे. हाक मारनाऱ्याला वो द्यावी."